मुलाला ‘आई’च म्हणू द्या

वाचकाचं पत्र :

“मी मूळची सांगलीची. लग्नाला सात वर्षं झाली. सासर वाराणसीचं, आम्ही तिथेच राहतो. घरात हिंदी बोलतात. सासरे हिंदीचे निवृत्त अध्यापक, संस्कृत उत्तम, रोज सकाळी गीतेचा एक अध्याय वाचतात. माणसं चांगली आहेत, पण शब्द आडवे येतात. एकदा सासऱ्यांना ताप होता, तेव्हा मी शेजारच्या काकूंना ‘बाबूजी की प्रकृति ठीक नहीं है’ असं सांगितलं. त्यांना वाटलं, मी सासऱ्यांच्या स्वभावाबद्दल तक्रार करतेय.

गेल्या दिवाळीनंतर माझी आई आठवडाभर राहायला आली होती. जेवताना सासरे तिला म्हणाले, ‘आपकी बेटी हमारे यहाँ का भोजन बनाने की बड़ी चेष्टा करती है.’ आईचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी ती ठरल्यापेक्षा आधीच निघाली. फोनवर म्हणाली, ‘तू त्यांच्या जेवणाची चेष्टा करतेस, हे त्यांनी मला तोंडावर ऐकवलं.’ मी खूप समजावलं, तिला अजून पटलेलं नाही. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मराठीनं संस्कृत शब्द बिघडवून टाकलेत, शिक्षेचा दंड केला आणि रागाचा क्रोध. हे खरं आहे का?

आणि आता मुलाचं. तो साडेचार वर्षांचा आहे, मला ‘आई’ म्हणतो. त्यानं हाक मारली की घरातलं कुणीतरी विचारतं, ‘कौन आई?’ आधी हसण्यावारी जायचं. आता तो शाळेत जायला लागलाय आणि सगळ्यांचं म्हणणं पडतंय की त्याचा गोंधळ होतो, त्याला ‘मम्मी’ म्हणायला लावावं. काय करू?”
– काशीची सून

प्रिय काशीच्या सूनबाई,

तुमच्या आईचं आधी बघू. ते दुखणं ताजं आहे, बाकीचे दोन प्रश्न थोडे थांबू शकतात.

संस्कृतात ‘चेष्ट्’ धातूचा अर्थ हलणं, हालचाल करणं, खटपट करणं. त्यातली खटपट हिंदीनं उचलली, बंगालीनंही. बंगाली माणूस रोजच्या बोलण्यात ‘चेष्टा करतो’ म्हणतो तेव्हा तो प्रयत्न करतो. मराठीनं हालचाल उचलली. हातवारे, तोंडं वेडीवाकडी करणं, मग दुसऱ्याची नक्कल आणि शेवटी टिंगल. आपली ‘मर्कटचेष्टा’ या वाटेवर मधेच उभी आहे, तिच्यात माकडाचे चाळेही आहेत आणि टवाळीची चाहूलही. म्हणजे तुमचे सासरे म्हणाले ते एवढंच, की पोर आमच्या घरचं रांधायला फार मनापासून झटते.

हे तुम्ही आईला सांगितलंही असेल. तरी तिला पटलं नाही, आणि मला त्यात तिचा दोष दिसत नाही. साठएक वर्षं ज्या शब्दाचा अर्थ टिंगल असाच कानावर पडला, तो शब्द विहिणीच्या घरी, भरल्या ताटावर, लेकीचं नाव घेऊन कानी आला. कोशातला अर्थ नंतर कळतो, बोच आधीच लागून गेलेली असते. त्यात समजावणारी तुम्हीच. तिला वाटणार, सासरच्यांना सांभाळून घेतेय.

म्हणून फोन सासऱ्यांनी करायला हवा. त्यांना आधी शांतपणे सांगा, की तो शब्द सांगलीत कसा ऐकू येतो. एका अध्यापकाला हे समजायला वेळ लागणार नाही. मग त्यांनी तुमच्या आईला शब्दाचा खुलासा करत बसू नये, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा म्हणावी : ‘बहनजी, आपकी बेटी बड़ी मेहनत करती है, बड़ी कोशिश करती है.’ मेहनत आणि कोशिश आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. ठरल्यापेक्षा आधी निघून गेल्याचा विषय कुणीच काढू नये. आणि हे पुढच्या सणाची वाट न बघता या आठवड्यातच व्हावं, असं मला फार वाटतं. असे गैरसमज मुरले की पुढच्या साध्या बोलण्यालाही तोच वास यायला लागतो.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते रोज गीता वाचतात ना, मग तिसऱ्या अध्यायातला तेहेतिसावा श्लोक त्यांच्याच तोंडून ऐका : ‘सदृशं चेष्टते स्वस्याः प्रकृतेर्ज्ञानवानपि’. ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीला धरूनच वागतो. एकाच ओळीत तुमचे दोन्ही शब्द आलेत. इथे ‘चेष्टते’ म्हणजे वागतो, व्यवहार करतो. सासऱ्यांची कोशिश इथे नाही, तुमच्या आईची टिंगलही नाही. आणि ‘प्रकृती’ म्हणजे अंगभूत स्वभाव. रोजच्या हिंदीत प्रकृती म्हणजे झाडं-डोंगर-नद्या, रोजच्या मराठीत तब्येत. शेजारच्या काकूंनी लावलेला अर्थ गीतेच्या सर्वांत जवळचा होता, आणि नेमका त्यानंच घोळ झाला! पुढचाच श्लोक ‘रागद्वेषौ’ सांगतो. तिथला राग द्वेषाच्या समोर उभा आहे, म्हणजे ओढ, आसक्ती. हिंदीत आज राग म्हटलं की आधी संगीत आठवतं, मराठीत चिडणं. मूळ धातू ‘रंज्’, रंगणं, लाल होणं. ‘रंग’ त्यातूनच आला. मन रंगलं की प्रेम, सुरांनी मन रंगवलं की यमन किंवा भूप, आणि चेहरा लाल झाला की आपला मराठी राग. मराठीनं कुठून तरी बाहेरून अर्थ आणून चिकटवला नाही, त्याच लालीतली एक छटा घेतली. यात आपण एकटेही नाही. बंगालीत राग म्हणजे क्रोध, ओडियातही तेच.

शिक्षेचंही असंच. तुम्ही सांगलीच्या, कानावर कानडी पडलेली असणारच. कानडीत ‘शिक्षे’ म्हणजे दंडच. तेलुगूत, मल्याळममध्येही ‘शिक्षा’ म्हणजे सजा. शिकवणं आणि शासन करणं यांतलं अंतर आपल्या जुन्या पंतोजींच्या छडीएवढंच होतं, ‘चांगला धडा शिकवीन’ हे आपण अजून धमकी म्हणूनच म्हणतो. पण मराठीनं शिकवण्यासाठी ‘शिक्षण’ ठेवलं आणि दंडासाठी ‘शिक्षा’ ठेवली. मला ही व्यवस्था सोयीची वाटते. हिंदीनं ‘दंड’ ठेवलाच, शिवाय फारसीतून ‘सज़ा’ही घेतली.

आपल्याकडे भाऊबंद असतात तसे हे शब्द आहेत. मूळ पुरुष एक, वाडा एक, मग वाटण्या झाल्या. कुणाच्या वाट्याला परसातली विहीर आली, कुणाच्या वाट्याला ओसरी. ‘संसार’ शब्दातलं जग हिंदीला मिळालं. मराठीला आणि बंगालीला त्यातला घरप्रपंच मिळाला. आपल्याकडे तर नव्या बिऱ्हाडाची भांडीकुंडीसुद्धा ‘संसार’च. ‘यजमान’ म्हणजे मुळात स्वतःसाठी यज्ञ करवून घेणारा. उत्तरेत तो पुरोहिताचा जजमान झाला, मराठीत पाहुण्यांचा यजमान झाला. आमच्या मावशींच्या पिढीत तर तो नवराच होता, आणि कानडीत ‘यजमानरू’ अजून आहे. यातल्या कुठल्याही भावाला ‘तू वाडा बिघडवलास’ म्हणता येणार नाही, कारण जसाच्या तसा वाडा कुणाकडेच राहिलेला नाही.

हिंदीकडेही नाही. म्हणून सासऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना एक प्रश्न विचारा. विद्यार्थिनी म्हणून विचारा, ते खूश होतील. ‘बाबूजी, घृणा म्हणजे तिरस्कार, तर मग निर्घृण म्हणजे तिरस्कार नसलेला, प्रेमळ माणूस व्हायला हवा ना? आपण क्रूर माणसाला निर्घृण का म्हणतो?’ संस्कृतात घृणा म्हणजे ऊब, कळवळा, दया असाही अर्थ आहे आणि निर्घृण म्हणजे ज्याच्याकडे दया नाही तो. हिंदीनं आणि मराठीनं घृणा तिरस्काराकडे नेली, निर्घृण मात्र जुन्या घरातच राहिला. त्यांना हे माहीत असेल. पण तुमच्या तोंडून प्रश्न आला, की बिघडवण्याचा मुद्दा आपोआप मागे पडेल.

आणि त्याहून जुनं हवं असेल तर ऋग्वेद आहेच. तिथे वरुणाला ‘असुर’ म्हटलंय, गौरवानं. पुढे आपल्याकडे असुर म्हणजे राक्षस झाला. शेजारी इराणात तोच शब्द ‘अहुर’ होऊन परमेश्वराच्या नावात बसला, अहुर मज्द. आणि आपला ‘देव’ तिकडे ‘दएव’ होऊन राक्षसांत जाऊन पडला. एकाच कुळातल्या दोन शेजारी भाषांनी देव आणि दानवांची अशी अदलाबदल केली. ‘मृग’ही पाहा. वेदात तो कुठलाही रानातला पशू होता, म्हणून तर सिंह मृगराज. आपल्याकडे तो हरिणापुरता आक्रसला, मल्याळममध्ये ‘मृगम्’ अजून कुठलंही जनावर आहे आणि फारसीत त्याचाच नातेवाईक ‘मुर्ग’ पक्षी झाला. आपली मुर्गी त्याच घरची. मी या शब्दापाशी दर वेळी थबकते. हरीण आणि कोंबडी एका मुळातून!

आता तुमच्या मुलाकडे येते. पत्रातला खरा प्रश्न मला हाच वाटतो, आणि त्याचं कुळ वेगळं आहे.

मराठी ‘आई’ आणि हिंदी ‘आई’ हे भाऊबंद नाहीत. हे आडनावबंधू आहेत. पाटील पाटलाला भेटतो, नाव सारखं, गाव वेगळं, नातं काहीच नाही, तसं. मराठीतलं नाम आहे, हिंदीतलं ‘आना’ क्रियापदाचं स्त्रीलिंगी भूतकाळी रूप. योगायोगानं दोघांनी एकच अंगरखा घातलाय. असे आडनावबंधू भाषेत खंडीभर आहेत आणि आपण त्यांच्यासोबत अगदी मजेत राहतो. ‘पाव’ घ्या. पाव किलोतला पाव संस्कृत ‘पाद’पासून, म्हणजे चौथा भाग. वड्यासोबतचा पाव पोर्तुगीज ‘पाँव’, म्हणजे भाकरी-ब्रेड, गोव्याच्या वाटेनं आलेला. गोव्यात पाव भाजणारा ‘पोदेर’ही पोर्तुगीजच. आणि ‘देवा, पाव रे’ मधला पाव संस्कृत ‘प्राप्’पासून. पायानं कणीक तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीये. ती खरी नाही, पण ती का तयार झाली ते कळतं. दोन शब्द सारखे दिसले की माणूस त्यांचं नातं जुळवल्याशिवाय राहत नाही.

तुमच्या मुलाच्या शाळेत ‘आया’ असेल. हा शब्द पोर्तुगीज ‘आइया’, मुलं सांभाळणारी बाई. हिंदीत ‘आया’ म्हणजे आला. मराठीत ‘आया’ म्हणजे पुष्कळ आई, आयाबाया. आता शाळेच्या फाटकाशी कुणी म्हणालं, ‘आया आई’, तर वाराणसीतल्या एकाही मुलाला कोडं पडत नाही. मुलं सांभाळणारी बाई आली, इतकं सरळ. ज्या घरात ‘आया आई’ चालतं, तिथे ‘आई आई’नं गोंधळ होईल ही भीती मला खरी वाटत नाही.

‘बस’ तर त्याच्या तोंडी रोज तीनदा येत असेल. तुम्ही त्याला ‘खाली बस’ म्हणत असाल. आजी दुसरी पुरी वाढायला लागली की तो ‘बस!’ म्हणत असेल. आणि सकाळी शाळेची बस. पहिला मराठी, संस्कृत ‘उपविश्’ पासून, जुन्या मराठीत ‘बैस’. हिंदीतला ‘बैठ’ त्याचा सख्खा चुलतभाऊ, दिसायला मात्र वेगळा. दुसरा फारसी, पुरे. तिसरा लॅटिन ‘ओम्निबस’ची शेपटी. ओम्निबस म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२६ च्या सुमारास फ्रान्समधल्या नान्त शहरात वाटेल त्यानं चढावं अशी घोडागाडी निघाली, तिला हे नाव पडलं, मग लोकांनी ते तोडून नुसतं ‘बस’ ठेवलं. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. गंमत अशी, की ओम्निबसमधला ‘बस’ हा नुसता चतुर्थीचा प्रत्यय आहे. ‘सर्वेभ्यः’ मधला ‘भ्यः’ आणि हा ‘बस’ भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळातून आलेले मानतात. शाळेची बस दारात येईल तेव्हा हे सासऱ्यांना नक्की सांगा. काशीच्या रस्त्यावरून रोज संस्कृत चतुर्थीची लॅटिन बहीण धावते, हे कळल्यावर त्यांना किती आनंद होईल याची मी कल्पना करू शकते.

साडेचार वर्षांचं मूल हे तिन्ही ‘बस’ न चुकता वापरतं. तो कोशात बघत नाही, माणूस बघतो. तुमच्याकडे तोंड केलं की मराठी, आजीकडे वळला की हिंदी. दोन भाषांत वाढणारी मुलं हे फार लवकर शिकतात. ‘कौन आई?’ हा प्रश्न त्यानं कधी विचारलाय का? तुमच्या पत्रावरून दिसतं, तो प्रश्न नेहमी मोठ्यांचाच असतो.

लहानपणी मी मे महिन्यात मावशीकडे धारवाडला जायची. शेजारच्या कानडी आजी दुपारी कट्ट्यावर येऊन मला विचारायच्या, ‘ऊट आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का. मला त्यातलं ‘ऊठ’ एवढंच कळायचं आणि मी झोपाळ्यावरून ताडकन उठून उभी राहायची. आजींना वाटायचं, पोर आपल्याला मान देतेय. त्या मला जवळ घ्यायच्या आणि पदराखालून एक केळं काढून द्यायच्या. दोन-तीन उन्हाळे असेच गेले. अर्थ कळल्यावरही मी उठतच राहिले, कारण तोवर ती आमची दोघींची रीत झाली होती. आजी गेल्या त्याला खूप वर्षं झाली. आजही जेवण झालं का असं कुणी कानडीत विचारलं, की माझे पाय आपोआप उठायला बघतात.

‘मम्मी’नं सगळं सोपं होईल, हाही समज तेवढा बरोबर नाही. इंग्रजीत मुलं ब्रिटिश वळणानं आईला ‘मम्मी’ म्हणतात आणि इजिप्तच्या थडग्यातल्या, पट्ट्या गुंडाळलेल्या प्रेतालाही ‘मम्मी’च म्हणतात. स्पेलिंगसुद्धा एकच. आई असलेली मम्मी बाळबोलीतून आली. थडग्यातली अरबी ‘मूमिया’मार्गे फारसी ‘मूम’पासून, म्हणजे मेण. सासूबाई दिवाळीत लावतात त्या मोमबत्तीतला मोम तोच. म्हणजे गोंधळ टाळायला जो शब्द आणायचा, त्यालाही एक आडनावबंधू आहेच. लंडनमधलं मूल त्यामुळे कधी अडलेलं नाही, तुमचंही ‘आई’पाशी अडणार नाही.

आणि ‘आई’ एकट्या सांगलीची नाही. आसामात, ब्रह्मपुत्रेच्या काठी, असमिया बोलणारे लोकही आईला ‘आई’ म्हणतात. गुजरातेत देवीला ‘आई’ म्हणतात, आई खोडियार. आपल्याकडे अंबाबाई आहेच. तो शब्द तुमच्या मुलानं तुमच्यासाठी निवडलेला आहे. त्याच्या दिवसभराच्या हिंदीत तुमच्या माहेरचा तेवढा एक शब्द असा आहे, जो कुणी न शिकवता त्याच्या तोंडात येतो, झोपेत, ताप आल्यावर, पडल्यावर. तो काढून घेऊ नका. घरच्यांनी कितीही प्रेमानं सांगितलं तरी नाही. इथे मी तुम्हाला दोन्ही बाजूंचा विचार करा असं म्हणणार नाही.

शाळेत बाईंना तो ‘मेरी मम्मी’ म्हणाला तर म्हणू दे. तिथे ती सगळ्या मुलांची बोली आहे, त्यात तुमचं काही जात नाही. घरात हाक ‘आई’च. आणि ‘कौन आई?’ असं कुणी विचारलं की ओशाळू नका, मुलाला उत्तर शिकवून ठेवा. ते शुद्ध हिंदीत आहे, सासऱ्यांना व्याकरणात एकही चूक सापडणार नाही. तुम्ही बाजारातून येऊन दारात चप्पल काढत असाल, आतून कुणी विचारेल, ‘कौन आई?’, आणि तो धावत येत ओरडेल :

‘मेरी आई आई!’